पुण्याचं बिऱ्हाड इंदुरात: ट्रकमध्ये काय घालावं आणि काय तिथंच घ्यावं

ट्रकमध्ये चढवायला बांधून ठेवलेल्या सामानात ३० किलोची एक गोणी होती. वर छापलेलं: 'एमपी सिहोर शरबती'. म्हणजे मध्य प्रदेशातून पुण्यात आलेला गहू, भाडं भरून पुन्हा मध्य प्रदेशात निघाला होता. हमालानं ती उचलायच्या आत लक्षात आलं म्हणून बरं. 'तिकडं काही मिळत नाही, सगळं इथूनच न्या' हा सल्ला प्रत्येकानं दिला होता आणि तो निम्मा चुकीचा होता. कोणता निम्मा, हे कळायला एप्रिल ते नोव्हेंबर २०२५ असे आठ महिने लागले. पुण्याहून किंवा मुंबईहून इंदूरला जाणाऱ्यांना तेवढे लागू नयेत म्हणून या नोंदी.

आधी कागदपत्रं. पहिलं काम गॅसचं, आणि ते निघण्याच्या किमान आठ दिवस आधी करावं. भरलेला असो वा रिकामा, सिलिंडर घरसामानाच्या ट्रकमधून न्यायचा नसतो. शेगडी आणि नळी आपली, ती सोबत घ्यायची. सिलिंडर, रेग्युलेटर आणि निळं पुस्तक घेऊन जुन्या वितरकाकडे जायचं. तो ठेव परत करतो आणि ट्रान्सफर व्हाउचर देतो. ठेव परत मिळते ती आपल्या जुन्या पावतीवर लिहिलेली असते तेवढीच. जून २०२२ पासून नवीन जोडणीला सिलिंडरमागे २,२०० आणि रेग्युलेटरला २५० रुपये ठेव आहे, पण दहा वर्षांपूर्वीच्या पावतीवर आकडा बराच लहान असतो, तेव्हा वितरकाशी वाद घालण्यात अर्थ नाही. पावती हरवली असेल तर शपथपत्र मागतात, त्यात एक दिवस जातो. ४ एप्रिलला व्हाउचर हातात आलं. इंदुरात १५ तारखेला व्हाउचर, आधार आणि भाडेकरार दिल्यावर २१ तारखेला सिलिंडर आला. मधले दिवस इंडक्शनवर. त्यामुळे इंडक्शन आणि त्यावर चालणारं एक पातेलं ट्रकमध्ये नाही, हातातल्या सामानात ठेवावं.

दरातला पहिला फरकही इथंच दिसला. ८ एप्रिलला देशभर सिलिंडर ५० रुपयांनी वाढला, त्यानंतर पुण्यात तो ८५६ आणि इंदुरात ८८१ रुपये झाला. घरगुती गॅसवर जीएसटी सगळीकडे ५ टक्केच, म्हणजे हे २५ रुपये कराचे नाहीत, वाहतुकीचे आहेत. पेट्रोलचं उलट. ते जीएसटीत नाही, प्रत्येक राज्य आपला व्हॅट लावतं, म्हणून २०२५ मध्ये पुण्यात लिटरला १०४ च्या आसपास, इंदुरात १०६-१०७ आणि बडोद्यात ९४-९५ होतं. इंदूरहून बडोद्याला गाडीनं जाणारे अर्ध्या टाकीवर निघतात आणि गुजरातची हद्द ओलांडल्यावर टाकी भरतात.

ट्रकचे २४,००० रुपये ठरले. वर 'ई-वे बिलाचे' (मालवाहतुकीसाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायच्या कागदाचे) म्हणून १,५०० मागितले गेले. वापरलेलं घरगुती सामान ई-वे बिलाच्या नियमातून वगळलेलं आहे. त्यासाठी बिल लागत नाही. सामानाची सही केलेली यादी, 'वापरलेलं घरसामान, विक्रीसाठी नाही' असं लिहून, आणि आधारची प्रत चालकाजवळ द्यावी, एवढं पुरतं. हे सांगितल्यावर ते १,५०० रुपये गेले. नवा फ्रीज पेटीसकट नेत असाल तर मात्र त्याचं खरेदीबिल सोबत हवं.

पहिल्या आठवड्यात भाव नाही, नावं नडतात. एप्रिलमधल्या एकादशीला दुकानात भगर मागितली तर दुकानदार नुसता बघत राहतो. वरई म्हणून पाहिलं, तरीही तेच. राजेंद्रनगरात तीन पिढ्या राहिलेल्या शेजारच्या काकूंनी सोडवलं: "भगर नका म्हणू, इथं मोरधन म्हणायचं." मागच्या फळीवर पोतंभर मोरधन होतं. तसंच चुरमुऱ्याचं: इंदुरात ते परमल. मटकी म्हणजे मोठ, चवळी म्हणजे चवला, खवा म्हणजे मावा, जवस म्हणजे अलसी. भाजीत घोसाळं म्हणजे गिलकी, दोडका म्हणजे तुरई, शेवग्याची शेंग म्हणजे सुरजना, चवळीची शेंग म्हणजे बरबटी, वालाच्या शेंगा म्हणजे बालोर. अळूची पानं 'अरबी के पत्ते' म्हणून मागायची. ती पावसाळ्यात मुबलक मिळतात, फक्त पातळ भाजीसाठी कुणी घेत नाही, त्यामुळे देठ कापूनच विकतात. देठ हवे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. 'इंदुरात अळू मिळत नाही' असं सांगणाऱ्या निम्म्या लोकांनी बहुधा अळू हा शब्द वापरूनच विचारलेलं असतं.

मापातही एक शब्द शिकावा लागतो: धडी. धडी म्हणजे ५ किलो. चोइथराम मंडीत सकाळी बटाटा, कांदा, टोमॅटो धडीच्या भावानं बोलतात. 'सौ रुपये' ऐकून तो किलोचा भाव समजून पुढं निघून जाऊ नये, तो धडीचा असतो, म्हणजे किलोला वीसच. "भिया, धडी का या किलो का?" एवढं विचारलं की पुढचा व्यवहार सरळ. चौघांच्या घराला कांदा-बटाटा धडीनं घेणं परवडतं, टोमॅटो नाही, उन्हाळ्यात निम्मा सडतो.

पाकीटबंद मालाचा विचारच करू नये. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं यांच्यावर छापील किंमत दोन्हीकडे तीच, आणि १ जुलै २०१७ पासून करही तोच. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण-टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला तो पुण्यात आणि इंदुरात एकाच दिवशी. अशा वस्तूंची दोन खोकी भरून आणली होती, ती फुकटची हमाली. पाकिटातही एक अपवाद चहाचा. पुण्यात वर्षानुवर्षं प्यायलेला मुंबईचा चहा इथं सहज दिसत नाही, गुजरातकडचा वाघ बकरी मात्र प्रत्येक दुकानात. चव जमेपर्यंत किलोचं नको, पाव किलोचं पाकीट घ्यावं.

खरा फरक सुट्या मालात आहे. त्यासाठी दोन जागा: रेल्वे स्टेशनजवळचं सियागंज आणि राजवाड्याच्या बाजूचा मारोठिया बाजार. सियागंज ठोकाचं, पण बरेच दुकानदार किलो-दोन किलोही देतात. फक्त तिथं निवडून, पाखडून मिळत नाही आणि पिशवी आपली. मारोठियात पाव किलोपासून मिळतं, भाव किलोमागं थोडा जास्त. मे महिन्यात गोडा मसाला इथंच करून पाहायचं ठरलं तेव्हा दोन्हीकडे यादी फिरवली. धने पुण्यापेक्षा स्वस्त आणि वासाला सरस, कारण गुना जिल्ह्यातलं कुंभराज आणि राजस्थानातलं रामगंज मंडी ही धन्याची मोठी बाजारपेठ इथून जवळ. दगडफूल 'पत्थरफूल' म्हणून, बाद्यान 'चक्रीफूल' म्हणून, तमालपत्र 'तेजपान' म्हणून मिळालं. नागकेशर दोन दुकानं फिरल्यावर मिळालं, आणि ते आधी वास घेऊन पाहावं, खप नसल्यानं जुनं असतं. उलट सुकं खोबरं महाग. ते कर्नाटक-केरळातून येतं आणि पुण्यापेक्षा सहाशे किलोमीटर जास्त चालून येतं. ओल्या नारळाचंही तेच: पुण्यात तीस रुपयांचा नारळ इथं चाळीसला, आणि तोही बहुतेक देवाला वाहायचा, म्हणजे लहान आणि जुना. हलवून पाणी वाजतं का ते पाहून घ्यावा. एक किलो धने, पाव किलो तीळ आणि पाव किलो खोबरं असं धरलेला मसाला इथं केल्यानं एकूण खर्च पुण्याइतकाच पडला. धन्यात वाचलेले पैसे खोबऱ्यात गेले.

मिरचीत मात्र फसगत होते. इथली लाल मिरची निमाडची, खरगोन जिल्ह्यातल्या बेडियाच्या मंडीतून येणारी. तिखट चांगली, रंग बेताचा. पुण्याच्या सवयीनं ब्याडगीच्या मापात घातली तर आमटी खाववत नाही. तीन भाग ब्याडगी, एक भाग निमाडी असं मिश्रण जमतं. ब्याडगी सियागंजात मिळते, पण 'बिना तीखी, रंग वाली' एवढ्यावर सोडू नये, साल सुरकुतलेली आणि लांबट आहे ना ते पाहावं.

आता गहू. इंदुरात येऊन पाकिटातलं पीठ घेणं म्हणजे समुद्रकाठी राहून डब्यातलं मीठ घेणं. एप्रिल-मे हा वर्षाचा गहू भरायचा काळ. त्या वर्षी हमीभाव क्विंटलला २,४२५ आणि त्यावर राज्याचा १७५ रुपयांचा बोनस, म्हणजे सरकारी खरेदीच २,६०० ला होती. त्याखाली चांगला गहू कुणी देईल ही आशा ठेवू नये. छावनीच्या धान्य बाजारातून मशीननं साफ केलेला लोकवन क्विंटलला ३,१०० आणि शरबती ४,६०० ला पडला, वर हमाली आणि घरपोच रिक्षाचे २२०. पुण्यात तोच शरबती किलोला ६० च्या पुढं होता.

जाती नीट समजून घ्याव्यात, कारण 'शरबती' या शब्दाखाली बरंच काही विकलं जातं. खरा शरबती म्हणजे सी-३०६, सिहोर-विदिशाकडच्या काळ्या जमिनीत कमी पाण्यावर येणारा. दाणा गोलसर, टपोरा, सोन्यासारखा चकाकणारा, मुठीत घेतला तर वजनदार लागतो. पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. लोकवनचा दाणा लांबट, पोळी चांगली, भाव मध्यम. (हे 'वन' जंगलाचं नव्हे. गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत निघालेल्या 'लोक-१' या जातीतलं ते इंग्रजी 'वन'.) तिसरा माळवी गहू, कडक दाण्याचा, बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे), लाडू आणि दलियासाठी. स्वस्त दिसला म्हणून पोळीसाठी घेऊ नये, पोळी चामट होते. पुरणपोळीला शरबती आणि लोकवन निम्मे-निम्मे.

घेताना दाणा दाताखाली फोडून पाहायचा. 'कट्' आवाज होऊन तुटला तर कोरडा, दबला तर ओल आहे आणि पावसाळ्यात कीड लागणार. चार माणसं, दोन वेळच्या पोळ्या, तर महिन्याला साधारण २० किलो, म्हणजे वर्षाला अडीच क्विंटल. पहिल्या वर्षी एकच क्विंटल घ्यावा, कोठीला जागा आणि भिंतीला ओल किती हे पावसाळ्यातच कळतं. दोन दिवस ऊन दाखवून, पूर्ण थंड करून मग कोठीत. गरम भरला तर आत घाम येतो. कडुनिंबाचा वाळलेला पाला थरांमध्ये. दुकानदार 'सल्फास की गोली' देऊ करतो, ती घरात अजिबात आणू नये. तो विषारी वायू सोडणारा पदार्थ आहे आणि राहत्या खोलीत ठेवल्यानं माणसं दगावली आहेत. गिरणीत 'रोटी का बारीक' असं आवर्जून सांगावं, नाहीतर बाफल्याचं जाडं पीठ येतं.

गोणीवरच्या आकड्याचाही एक हिशेब आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील पाकिटातल्या धान्य-डाळ-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या गोणीवर आणि सुट्या मालावर नाही. म्हणून तांदूळ २६ किलोच्या आणि गहू ३० किलोच्या गोणीत दिसतो. दहा किलोची तीन पाकिटं आणि तीसची एक गोणी यात हा फरक सरळ पडतो.

ज्वारी हा उलटा प्रकार. इथं ज्वारी मिळते, स्वस्तही मिळते, पण भाकरी काळसर आणि कडेला फाटणारी होते. पीठ जुनं म्हणून गिरणीवाल्याला दोष दिला, तो त्याचा नव्हता. सोलापूर-मंगळवेढ्याची मालदांडी रब्बीची, दाणे भरताना पाऊस नसतो म्हणून पांढरीशुभ्र. इथली बहुतेक खरिपाची, कणीस पावसात भिजतं आणि दाणा काळवंडतो. यावर तोड नाही, मालदांडी पुण्याहूनच मागवावी. पीठ नाही, ज्वारीच. पीठ महिनाभरात चिकटपणा सोडतं.

आंबेमोहोराला तोड सापडली. बालाघाटचा चिन्नोर तांदूळ, वासाचा, बारीक, शिजल्यावर मऊ. वरणभाताला जवळजवळ तसाच, पाणी मात्र थोडं कमी घालावं. इंद्रायणीचा चिकटपणा त्यात नाही, आणि मोदकाची पिठी त्याची चांगली होत नाही. २७ ऑगस्टला गणपती बसले त्याआधी पिठी शोधली तेव्हा 'चावल का आटा' म्हणून मिळालं ते इडलीच्या कामाचं. उकड फाटली. बासमतीच्या तुकड्याची पिठी मध्ये मिसळून कशीबशी निभावली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच पिठी मागवून ठेवावी. गूळ करेलीचा, नरसिंहपूर जिल्ह्यातला, चवीला उत्तम आणि कोल्हापुरीपेक्षा स्वस्त. पण सारणात तो पाणी जास्त सोडतो, तेव्हा आधी खोबरं कोरडं परतून मग गूळ घालावा.

तेलाचा डबा घेताना तो १५ किलोचा की १५ लिटरचा हे पाहायचं. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरचा डबा पावणेचौदा किलोच्या आतबाहेर. दोन डब्यांतला शंभर-दीडशेचा 'स्वस्तपणा' बहुतेक वेळा एवढाच असतो. इंदूर सोयाबीनचं शहर, सोया तेल सगळ्यात स्वस्त आणि ताजं. शेंगदाणा तेल गुजरातेतून येतं, चांगलं असतं. करडईचं तेल विसरावं.

भांड्यांत विळी नक्की न्यावी. बर्तन बाजारात पितळ-तांबं वजनावर मिळतं आणि निवड पुण्यापेक्षा वरचढ आहे, पण विळी मागितली की सुरी दाखवतात. नारळ खवायची विळी, मोदकपात्र आणि पुरणयंत्र या तीन वस्तूंसाठी पोळपाटसुद्धा मागं ठेवला तरी चालेल.

शेवटचं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम गाडीचं. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८ वर. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर होतो, पण एकही चलान थकलेलं असेल तर तो पुढंच सरकत नाही, म्हणून आधी चलान तपासून भरावीत. कर्ज असेल तर बँकेचं पत्र, चालू विमा, पीयूसी, आणि चासी नंबरचा पेन्सिलनं घेतलेला ठसा. ठसा घ्यायला गाडी पुसून, पातळ कागद धरून, स्वतःच घेता येतो. एजंट त्याचे २०० घेतात. अर्ज सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, एनओसी पाच आठवड्यांनी. मग इंदुरात फॉर्म २७ आणि पत्ताबदलाचा फॉर्म ३३, इथला आजीवन कर गाडीच्या वयानुसार, गाडी प्रत्यक्ष दाखवणं, आणि नोव्हेंबरात एमपी ०९ चा नंबर. नवं आरसी आल्याशिवाय पुण्यात उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागता येत नाही, म्हणजे काही महिने दोन्ही राज्यांचा कर भरलेला असतो. तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवावी.

सध्या दर चार महिन्यांनी पुण्याहून रात्रीच्या बसनं एक खोकं येतं, २० किलोला २५० रुपये. त्यात कोकम, कुळथाचं पीठ, कडवे वाल, मेतकूट, मालदांडी, थालीपिठाची भाजणी, आणि श्रावणाच्या खोक्यात मोदकाची पिठी. गोडा मसाला आता त्यात नसतो. खोकं सोडवायला बसथांब्यावर सकाळी सहाला जावं लागतं, उशीर झाला तर ते कार्यालयात जातं आणि दहानंतरच मिळतं. परत जातानाही ते रिकामं जात नाही. पुण्यातल्यांची यादी आदल्या दिवशीच आलेली असते: मंदसौरचा लसूण दोन किलो, रतलामी शेव, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), आणि जागा उरली तर शरबती गहू.